सरत्या वर्षात काय वाचलं? आणि ते पुस्तक तुमच्या हातात आलं कसं?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी) | 21 डिसेंबर, रात्री 9.40

मंडळी, दरवर्षी डिसेंबरात कुणीतरी हा धागा काढतं, यंदा मी काढते. नुसती नावांची यादी नको. कोणतं पुस्तक वाचलं, ते कुणाकडून आलं, कुठं बसून वाचलं आणि पुढं कुणाला दिलं, हे सगळं सांगा. आपल्या तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या आणि गाइडचं दुकान. कादंबरी हवी असंल तर ती माणसाच्याच हातून येते. ती वाट मला ऐकायची आहे.

माझ्यापासून सुरू करते. माझं शिवणकामाचं दुकान आहे. 11 फेब्रुवारीला रा. रं. बोराडे सर गेले. त्याच आठवड्यात माझ्याकडं नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका ब्लाऊजपीस टाकायला आल्या आणि त्याच पिशवीत सरांची 'पाचोळा' ही कादंबरी ठेवून गेल्या. "शिंप्याच्या घरची गोष्ट आहे, तू वाचायलाच पाहिजे," एवढंच म्हणल्या.

रात्री जेवणं झाल्यावर आई माझी काजं करते, हूक लावते. तिला अक्षरओळख नाही. मी म्हणलं, आज मोठ्यानं वाचते, तू ऐक. कादंबरी 1971 ची, लहानशीच आहे. एका मानी शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते, आपल्याच बोलीत. दोन पानं झाली नसतील तोवर आईची सुई थांबली. तिला वाटलं मीच माझ्या मनानं सांगायले. "पुस्तकात असं बोलत्यात का?" मी पान तिच्यापुढं धरलं. तिनं ओळीवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. मग विचारलं, "ही बाई कोणत्या गावची?"

मी सांगितलं, आई, हे बाईनं नाही, लातूरकडच्या काटगावच्या माणसानं लिहिलंय. तिचा विश्वास बसला नाही. "बाप्याला हे कसं कळंल?" हा प्रश्न तिनं पुढचे चार दिवस केला. अकरा रात्री वाचलं आम्ही. शेवटच्या रात्री तिनं काजाचं कापड हातातच घेतलं नाही.

मी शाळेत "म्हणलं" म्हणाले की बाई "म्हटलं म्हण" म्हणून दुरुस्त करायच्या. तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं की पुस्तकाची भाषा वेगळी आणि आपली वेगळी, आपली म्हणजे चुकीची. एक्केचाळीसाव्या वर्षी ते मनातून गेलं. मग आमच्याच सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांचं 'आलोक' आणलं. 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह, आणि मला ते इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यातल्या कथा लांब आहेत, एकेक कथा दोन-दोन रात्री चालली. आजचं गाव आहे त्यात, पंचायतीतल्या कुरघोड्यांसकट.

आता तुम्ही सांगा. आईला पुढं काय वाचून दाखवू, हेही सांगा.

मांजराकाठ (लातूर) | 21 डिसेंबर, रात्री 11.05

दुधनाताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. बोराडे सरांचं लेखन कसं वाचावं हे त्यांनी एका प्रश्नात सांगितलं.

मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. यंदा नवीन फारसं घेतलं नाही. कपाटात होतं तेच पुन्हा काढलं, आणि ठरवून आपल्याच भागाचं काढलं. पहिलं लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. लातूरजवळच्या धनेगावचा माणूस. 1987 ला पुस्तक आलं, 1988 ला अकादमीचा पुरस्कार. तेव्हा मी ते एका बैठकीत संपवलं होतं. या वेळी महिना लागला. तेव्हा मी तरुण होतो, घटना वाचत होतो. आता पोटासाठी चोरी करणाऱ्या घरातली पोरं शाळेच्या दारापर्यंत कशी येतात आणि कशी परत फिरतात, ते वाचलं. माझ्या वर्गाच्या हजेरीतून महिन्या-दोन महिन्यांत गळालेली काही नावं आठवली. त्यांच्या घरी मी गेलो नव्हतो. ते पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो.

दुसरं प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी', 1979 चं. आईवडील लहानपणी गेलेला, बहिणीकडं वाढलेला मुलगा, आणि शिकायचंच म्हणून धरलेला हट्ट. पुढं हेच सर मिलिंद महाविद्यालयात शिकवायचे. ताई, आईंना हे वाचून दाखवा. लहान लहान आठवणी आहेत, रोज एक पुरते. भाषा उदगीरकडची, तुमच्या परभणीच्या बोलीला थोडी अनोळखी वाटेल, पण कानाला गोड आहे.

आणि भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा. बाजारात टमाट्याचा भाव पडतो आणि बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो, पोरगं बघत उभं. मी ही कथा वर्गात वाचून दाखवायचो. एका वर्षी वाचून संपली, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या बापानं कोथमीर टाकली रस्त्यावर. पण त्यानं तुडवली नाही, कडंला नीट रचून ठेवली. जनावर तरी खाईल म्हणला." वर्ग गप्प झाला. त्या दिवशी मी प्रश्नोत्तरं दिली नाहीत.

कोरडवाहू (भोकरदन, जि. जालना) | 22 डिसेंबर, पहाटे 5.50

राम राम मंडळी. मी वर्षाला एखादंच पुस्तक वाचतो, पण ते पुरतं.

यंदा वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर'. 1981 चं पुस्तक, लई जणांनी वाचलं असंल. पोरीला शाळेत बक्षीस मिळालं होतं, दोन वर्षं देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होतं. जूनमध्ये पेरणी झाल्यावर चार दिवस पावसानं ताण दिला. करायला काही नव्हतं म्हणून हातात घेतलं.

सगळे म्हणतात, प्रेरणा देणारं पुस्तक आहे. आहेच. गुलाम आईच्या पोटी आलेलं पोर, शिकून अलाबामातल्या टस्कीगीला जातं आणि आख्खी हयात तिथल्या शेतकऱ्यांसाठी घालवतं. पण मी ते जमिनीचं पुस्तक म्हणून वाचलं. तिथं कापसावर कापूस घेऊन जमीन मेली होती. हा माणूस सांगायचा, भुईमूग लावा, रताळी लावा, फेरपालट करा. आमच्याकडं तरी दुसरं काय झालं? माझा आजा कपाशीत तुरीचं तास ठेवायचाच. मी पंधरा वर्षांत ते मोडलं. तणनाशकाला अडचण होते म्हणून.

यंदा दोन एकरांत तूर परत घातली, मधी मूग. मूग फुलावर असताना एक झाड उपटलं, पोरीला बोलावलं आणि मुळावरच्या गाठी नखानं फोडून बघितल्या. आतून गुलाबी निघाल्या. गुलाबी म्हणजे गाठी जित्या आहेत, हवेतलं नत्र धरायलेत. पोरगी म्हणली, "पुस्तकात गुलाबी लिहिलं नव्हतं, दादा." म्हणलं, ते आपण बघायचं राहतं.

पुढं सप्टेंबरच्या पावसानं निम्मं पाण्यात गेलं, ते वेगळं. तूर वाचली. पुस्तक आता शेजारच्या गावात मेव्हण्याकडं आहे.

रातपाळी (नांदेड) | 22 डिसेंबर, दुपारी 3.15

मी परिचारिका आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. रात्रीचा राउंड झाला, सलाईन बघून झाल्या, की साधारण दोन ते चार जरा शांत असतं. तेवढ्यात दोन पानं होतात. या हिशेबानं मी वर्षभर एकच पुस्तक वाचलं, नरहर कुरुंदकरांचं 'जागर'.

नांदेडची असून कुरुंदकर वाचले नाहीत याची मला खंत होती. आमच्याकडं त्यांच्या नावाचा दरारा इतका की माणूस पुस्तकाला हातच लावत नाही. ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. जन्म 1932 चा. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला भर व्यासपीठावर गेले, वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. वडील सांगतात, नांदेडमधी त्या रात्री घराघरात चूल पेटवायची कुणाला शुद्ध नव्हती.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सांगते. त्यांचं वाक्य अवघड नाही. शब्द साधेच आहेत. अवघड आहे ते असं की तुम्ही हो म्हणत म्हणत चार पानं जाता आणि पाचव्या पानावर ते विचारतात, मग तुम्ही असं का वागता? राजकारणावरचे, समाजावरचे लेख आहेत. मी पेन्सिलीनं समासात "पटत नाही" असं लिहीत गेले. मार्चमध्ये जिथं "पटत नाही" लिहिलं होतं, तिथं ऑगस्टमध्ये परत आले आणि दोन ठिकाणी ते खोडलं. तीन ठिकाणी अजून तसंच आहे, आणि मला वाटतं कुरुंदकरांना ते चाललं असतं.

सुरुवात करायची असंल तर 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना आधी वाचा. पुष्कळांच्या घरी ती कादंबरी असते आणि प्रस्तावना ओलांडून लोक सरळ गोष्टीत जातात. ती प्रस्तावना कुरुंदकरांची आहे. शिवाजी महाराजांचा विचार इतिहास म्हणून कसा करायचा, पुरावा कसा तपासायचा, हे तिथं बसून शिकावं असं आहे.

पुस्तक वाचनालयाचं होतं. बारा वेळा नूतनीकरण केलं. शेवटी ग्रंथपाल काका म्हणाले, "बेटा, आता दुसऱ्या कुणी मागितलं तर मी तुझ्याकडंच पाठवतो."

बालाघाट (मूळ बीड, सध्या पुणे) | 22 डिसेंबर, रात्री 10.20

सगळ्यांचं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक बोलतो, राग मानू नका.

आपण मराठवाड्याचं म्हणून जे वाचतो त्यात दुष्काळ, कर्ज, मरण हेच का असतं? मी बीडचा आहे. माझ्या घरानं ऊसतोड बघितली आहे. ऑक्टोबर उजाडला की कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या गाड्या, कुलपं लागलेली घरं, आजीपाशी ठेवलेली आम्ही पोरं. ते मला वाचायची गरज नाही. मी पुण्यात बांधकामावर इंजिनिअर आहे. रात्री थकून आलो की परत तेच उघडायला हात धजत नाही. यंदा मी प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' वाचलं. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनिअर आणि कामातली नीतिमत्ता. साइटवर खोटी सही करायचा दबाव येतो तेव्हा माणसाच्या पोटात काय होतं, ते मला त्या पुस्तकानं सांगितलं. आमच्या ठेकेदाराच्या केबिनमधी उभं असताना मला तो विश्वनाथ आठवला. हे पुस्तक आपल्या भागाचं नाही, तरी ते मला माझं वाटलं.

तर आपल्या मातीतलं, पण उजेडाचं काही असंल तर सांगा. खरंच विचारतोय.

कोरडवाहू | 23 डिसेंबर, पहाटे 6.10

बालाघाटभाऊ, राग कशाचा. तुमचं खरं आहे. मीपण आत्महत्येच्या गोष्टी वाचत नाही. गल्लीत दोन झाल्यात.

मांजराकाठ | 23 डिसेंबर, सकाळी 9.30

बालाघाट, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून रात्री त्यावर विचार करून लिहितो.

दुःखाचं लिहिलेलं सगळं सारखं नसतं. काही लेखक दुःख दाखवून आपल्याकडून हळहळ वसूल करतात. ते मलाही नको वाटतं. बोराडे, चंदनशिव, लोमटे तसं करत नाहीत. 'पाचोळा'तली बाई रडगाणं गात नाही, ती भांडते, टोमणे मारते, नवऱ्यावर चिडते, त्याच्यावर जीव टाकते. वाचताना किती ठिकाणी हसू येतं ते दुधनाताई सांगतील.

तरी उजेडाचं मागितलंत, तर पळसखेडच्या ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' घ्या. 1967 चा संग्रह. अजिंठ्याच्या डोंगराखालची जमीन, तीच आपली कोरडी जमीन, पण तिला पाऊस लागला की काय होतं ते त्यात आहे. जून महिन्यात पहिला पाऊस झाल्यावर मोठ्यानं वाचा. पुण्यातल्या गच्चीवर वाचली तरी चालेल.

आणि उजेडाचंच म्हणाल तर सुधीर रसाळ सर. नव्वदी ओलांडल्यावर 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथाला 2024 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात त्यांनी पिढ्या शिकवल्या. समीक्षा म्हणजे कोरडं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दहा पानं वाचून बघावीत.

दुधनाकाठ | 23 डिसेंबर, रात्री 9.15

व्हय, हसू येतंच. आई तर एका ठिकाणी इतकी हसली की बोटात सुई टोचली.

बालाघाटभाऊ, तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलंय का? मराठवाड्याचं नाही. पण संसाराच्या इतक्या खस्ता खाऊन एक बाई इतकं निर्मळ हसते, हे मी दुसरीकडं बघितलं नाही. 'पाचोळा' देणाऱ्या मॅडमनीच दिलं. दिवाळीत वाचलं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत.

अभ्यासिका (छत्रपती संभाजीनगर) | 24 डिसेंबर, रात्री 1.30

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, तीन वर्षं झाली. वाचतो दिवसाला दहा तास, पण त्याला वाचन म्हणता येईल का ठाऊक नाही.

माझं गाव कंधारकडचं. आजोबा निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या काळातलं काही सांगायचे, रात्री रानात लपल्याचं, तांब्यात दडवलेल्या दागिन्यांचं. मी लहान होतो, ऐकलं नाही नीट. या जुलैमध्ये ते गेले. परीक्षेच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तीवर दोन पानं असतात. 13 सप्टेंबर 1948 ला भारताचं सैन्य आलं, 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला, संपलं. मला आजोबांचं काय होतं ते समजून घ्यायचंय. काय वाचू?

रातपाळी | 24 डिसेंबर, पहाटे 3.05

अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. डोळे झाकून घे. भालेराव स्वतः त्या लढ्यात होते, पुढं 'दैनिक मराठवाडा'चे संपादक झाले. मोठं पुस्तक आहे, पण आपल्या गावांची नावं येत राहतात, त्यामुळं हातातून सुटत नाही. उमरी आपल्याच भागातली ना, तिथली बँक 1948 च्या जानेवारीत लढ्यासाठी लुटली होती. तुझे आजोबा तेव्हा केवढे असतील ते आधी मोज आणि मग वाच.

झोप आता.

मांजराकाठ | 24 डिसेंबर, सकाळी 8.40

अभ्यासिका, बाळा, भालेरावांच्या जोडीला सेतुमाधवराव पगडी यांचं 'जीवनसेतु' वाच. निलंग्याचा जन्म, निजामाच्या राज्यात नोकरी, उर्दू-फारसी हातचा मळ, आणि जिथं बदली झाली तिथली भाषा शिकायची, गोंडीसुद्धा. एका बाजूला जुलूम होता हे भालेराव सांगतील. त्याच राज्यात मराठी आणि उर्दू एका घरात कशा नांदत होत्या हे पगडी सांगतील. दोन्ही कळल्याशिवाय आजोबा कळणार नाहीत. माझे वडील उर्दू माध्यमात शिकले. हिशेब मरेपर्यंत उर्दूत लिहायचे आणि हरिपाठ मराठीत म्हणायचे.

आणखी एक. त्या काळात 'गश्ती निशान 53' म्हणून फर्मान होतं. परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. त्यामुळं गावोगावची वाचनालयं, गणेशोत्सव, व्याख्यानं यांना वेगळंच मोल आलं. वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं चार माणसं एका खोलीत बसू शकत होती. आज आपण वाचनालयाला जुनाट म्हणतो. एके काळी तिथं जाऊन बसणं हेच धाडस होतं.

आजोबांच्या वयाचं गावात आणखी कुणी असंल तर या सुट्टीत जा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेव. पुस्तकं थांबतील, ती माणसं थांबणार नाहीत.

सीनाकाठ (परांडा तालुका, जि. धाराशिव) | 24 डिसेंबर, रात्री 8.00

वाचनालयाचा विषय निघाला म्हणून लिहिते. तीन दिवस लिहू की नको करत होते.

मी आमच्या गावचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातलं, वाचनालय सांभाळते. एक खोली, चार लोखंडी कपाटं. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पाणी आलं ते तुम्ही बातम्यांत बघितलं. आमच्या खोलीत कमरेइतकं होतं. आधी माणसं, मग जनावरं, मग धान्य. वाचनालयाकडं जायला तिसरा दिवस उजाडला. कपाटांचं खालचं दार उघडेचना, पुस्तकं फुगून आतून दाबून बसली होती.

खालचे दोन कप्पे गेले. वरचं वाचलं. मधल्या कप्प्यातली दीडेकशे पुस्तकं ओली होती, ती आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात वाळवली. उन्हात ठेवायची नाहीत, कागद वाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडायची. दर पंधरा-वीस पानांत रद्दीचा कागद घालायचा आणि तो दर दोन-तीन तासांनी बदलायचा. शाळेतल्या मुलींनी रात्री बारापर्यंत कागद बदलले. त्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता. दोन-तीन दिवसांत वाळलं नाही की बुरशी धरते, म्हणून घाई. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं मात्र एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली. लहान मुलांची जवळपास सगळी तसलीच होती.

देवघेवीची वही गेली. कुणाकडं काय आहे ते आता मला ठाऊक नाही. पण ऑक्टोबरपासून एक गोष्ट घडायलीय. माणसं स्वतःहून पुस्तकं आणून देतात. काहींनी तर सात-सात वर्षं नेलेली परत आणली. एका आजोबांनी डोक्यावरच्या पाटीत ज्ञानेश्वरी, रेशनकार्ड आणि वाचनालयाची कादंबरी अशी तीनच वस्तू घेऊन घर सोडलं होतं. ती कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "सरकारी वस्तू हाय, माझ्याकडनं जायला नको."

यंदा मी काय वाचलं विचाराल तर तीच दीडशे पुस्तकं, वाळवता वाळवता, मधूनच उघडलेल्या पानावर.

मला आता लहान मुलांसाठी पुस्तकं हवी आहेत. कोणती घ्यावीत तेवढं सांगा, पैसे आम्ही गावातून जमवलेत.

गोदाकाठ (गंगाखेड) | 24 डिसेंबर, रात्री 9.50

सीनाताई, मी प्राथमिक शिक्षिका आहे. एक तर नांदेडच्या सुरेश सावंत यांचं 'आभाळमाया' घ्या. मुलांच्या कविता आहेत, 2025 चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यालाच आहे. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' मोठ्या मुलांना द्या. त्याला आदल्या वर्षी तोच पुरस्कार होता. भुताचं नाव बघून मुलं स्वतःच उचलतात, सांगावं लागत नाही.

'किशोर' मासिक लावाच. बालभारतीचं आहे, 1971 पासून निघतं, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. माझ्या वर्गात मी जुने अंक प्रोजेक्टरवर लावते. आपल्या आईवडिलांच्या लहानपणचं मासिक आहे म्हणल्यावर मुलं जास्त मन लावून वाचतात. वह्या-पुस्तकं पाण्यात गेलेल्या मुलांना नवं कोरं, स्वतःचं नाव घातलेलं पुस्तक द्या, एक तरी.

बालाघाट | 24 डिसेंबर, रात्री 11.30

सीनाताई, मी 3 जानेवारीला गावी येतोय, पुण्याहून बार्शीमार्गे. गाडीत जागा आहे. गोदाताईंनी सांगितलेली पुस्तकं मी इथून घेऊन येतो. पैसे राहू द्या, त्यातून एक उंच मांडणी करून घ्या. जमिनीपासून चार फुटांवर पहिली फळी. आराखडा मी काढून देतो, तेवढं मला जमतं.

आणि मी 'पाचोळा' मागवलंय.

अभ्यासिका | 25 डिसेंबर, सकाळी 7.20

बलवंत वाचनालयात भालेरावांचं पुस्तक मिळालं. पहिली चाळीस पानं झाली. मोजलं, उमरीच्या वेळी आजोबा तेरा वर्षांचे होते.

शनिवारी गावी जातोय. आजोबांची एक मावसबहीण आहे, तिला ऐकू कमी येतं, पण आठवतं सगळं.

दुधनाकाठ | 25 डिसेंबर, रात्री 10.10

काल रात्री आईला 'लाल चिखल' वाचून दाखवली. मांजराकाठ सर, तुमच्या वर्गातल्या त्या मुलाचं बोलणंही सांगितलं, कोथमीर कडंला रचून ठेवणाऱ्या बापाचं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणली, "तुझ्या बापानं बी एकदा वांगी वाटली होती गल्लीत. तू लहान होतीस." मला हे ठाऊकच नव्हतं. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर तिनं तासभर बाबांचं सांगितलं, मी पुस्तक बाजूला ठेवून ऐकलं.

आज सकाळी तिला सीनाताईंच्या वाचनालयाचं सांगितलं. तिनं दुकानातल्या कातरणाचं गाठोडं सोडलं. म्हणली, आपल्या घरी पोथीला बासन असायचं, लाल खादीचं, ओल लागू नये म्हणून. पुस्तकांना कामून नाही? दुपारपासून आम्ही दोघी बासनं शिवायलो. दुहेरी कापड, आतून जुन्या साडीचं अस्तर, एका कोपऱ्याला बांधायला लांब नाडी. नेहमीच्या कादंबरीला वीस इंचाचा चौकोन पुरतो, करून बघितला. आज नऊ झाली.

सीनाताई, बालाघाटभाऊ 3 तारखेला येतात तोवर चाळीस तरी होतील, ती परभणीहून कुणाच्या तरी हाती पोहोचवते. मुलांची पुस्तकं आडवी, मोठ्या आकाराची असतात ना? एकदा मोजून लांबी-रुंदी कळवा, म्हणजे कापड त्या मापानं बेतते.